तीन नंबरचा गुन्हेगार

एकच गाडी, एकच इंजिन आणि बिघाडही एकाच जागी. तोही तीनदा! दरवेळी नवा पार्ट, दरवेळी नवं कारण आणि दरवेळी नवं बिल. मग एक दिवस टेस्टिंगमध्ये नोकरी करणाऱ्या ताईला बोलावणं येतं...

सोमवार सकाळच्या मीटिंगमध्ये 'आरसीए' हा शब्द आला की अर्ध्या टीमचे चेहरे उतरतात. रूट कॉज अ‍ॅनालिसिस! म्हणजे झालेल्या घोळाचं मूळ शोधा, एक्सेल भरा आणि वरच्या साहेबांना पाठवा. प्रत्यक्षात आपण काय करतो? ज्याने त्या कामाला शेवटचा हात लावला त्याचं नाव लिहितो आणि चहाला जातो. टोयोटाच्या ताइइची ओहनोंनी 'पाच वेळा का विचारा' असं सांगून ठेवलंय. आपली मजल जेमतेम दीड 'का'पर्यंत जाते.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो, त्यामुळे ऑफिसात मी फारशी लोकप्रिय नाही. पण घरी हा गुण कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. माझा धाकटा भाऊ गाड्यांच्या मागे वेडा. त्याच्याकडे २००२ सालची सेकंडहँड होंडा सिटी व्हीटेक आहे. पंधरा वर्षं कधीच उलटली, ग्रीन टॅक्स भरून झाला, तरी साहेबांचं प्रेम काही आटलेलं नाही. दीड लिटरचं इंजिन, १०६ बीएचपी आणि वर जाताना बदलणारा तो आवाज. ज्यांनी ती गाडी चालवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांनी नाही चालवली, त्यांना सांगून उपयोग नाही!

एवढ्यावर समाधान मानेल तर तो माझा भाऊ कसला? दोन वर्षांचा बोनस साठवून त्याने इंजिन 'बनवून' घेतलं. नवा कॅम, कडक स्प्रिंगा, वेगळा एक्झॉस्ट आणि रेव्ह लिमिट थोडं वर. कोइंबतूरच्या कारी स्पीडवेवर एकदा तरी ट्रॅक डेला जायचं, हे त्याचं स्वप्न. इंजिन जुळवलं ते कर्वे रोडच्या मागच्या गल्लीतल्या मामांनी. सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणते. कॉलेजात असताना माझ्या भावाला स्पॅनर धरायला त्यांनीच शिकवलं.

आणि मग ते इंजिन बिघडायला लागलं.

कट, कट, कट...

पहिल्यांदा २,१०० किलोमीटरला. इंजिनातून कट-कट आवाज आणि सकाळी स्टार्ट केल्यावर किंचित निळा धूर. वरचं कव्हर उघडलं तर तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट बाजूचा एक रॉकर झिजलेला, त्याच्यावर चालणारा कॅमचा उंचवटाही खाल्लेला. नवा कॅम, नवा रॉकर. दुसऱ्यांदा १,४०० किलोमीटरला. पुन्हा तीन नंबर, पुन्हा एक्झॉस्ट.

आता गाडीवाल्यांच्या जगात सल्ला फुकट मिळतो आणि भरपूर मिळतो. एक म्हणाला, ऑइल हलकं आहे. दुसरा म्हणाला, कॅमचं लोखंड कच्चं आहे. तिसरा म्हणाला, मामांना जुन्या गाड्यांचं कळतं, हे काम त्यांच्या आवाक्यातलं नाही. हा तिसरा सल्ला भावाच्या डोक्यात जाऊन बसला. दोन्ही वेळा टॅपेट मामांनीच लावले होते ना? झालं, गुन्हेगार सापडला!

त्या संध्याकाळी मी त्याच्याबरोबर गॅरेजमध्ये होते. तो म्हणाला, "मामा, तुम्ही टॅपेट नीट लावलेच नसणार." मामा काही बोलले नाहीत. आत गेले, गल्ल्यातून मजुरीचे पैसे काढले आणि त्याच्या हातात ठेवले. दोन्ही वेळचे. कॅमची अर्धी किंमतही ते देणार होते. तिथे काम करणारा पोरगा मान खाली घालून नट पुसत बसला होता.

घरी येताना भावाने मला मोबाइल दाखवला. गाडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकायचा मेसेज तयार होता, मामांच्या गॅरेजच्या नावासकट. मामांची निम्मी गिऱ्हाइकं त्याच ग्रुपमधली.

"हे पाठवू नकोस," मी म्हटलं.

"ताई, तुला इंजिनमधलं काय कळतं?"

"इंजिनमधलं नाही कळत. पण एकच बग परत परत त्याच जागी येतोय आणि तू दरवेळी फक्त पार्ट बदलतोयस, एवढं कळतं. मला महिना दे."

थोडं आत डोकावूया

घाबरू नका, परीक्षा नाही. इंजिनाला श्वास घ्यायला आणि सोडायला झडपा लागतात, त्या म्हणजे व्हॉल्व्ह. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला चार, एकूण सोळा. वर फिरणाऱ्या कॅमशाफ्टवर अंड्याच्या टोकासारखे उंचवटे असतात. उंचवटा रॉकरला दाबतो, रॉकर व्हॉल्व्हला खाली ढकलतो, आणि स्प्रिंग व्हॉल्व्हला परत वर ओढते. व्हॉल्व्ह सरळ वरखाली व्हावा म्हणून त्याची दांडी एका नळीतून जाते, तिला गाईड म्हणतात. गाईडच्या डोक्यावर रबरी ऑइल सील. आणि स्प्रिंगच्या डोक्यावर एक छोटी वाटी, रिटेनर. व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा ही वाटी सीलच्या दिशेने खाली येते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

इंजिन ७,००० आरपीएमवर असेल तर कॅम मिनिटाला ३,५०० फेरे मारतो. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५८ वेळा उघडतो आणि मिटतो. इतक्या वेगात स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेवर परत आणता येईल का, ही जगभरच्या इंजिनिअरांची जुनी डोकेदुखी आहे. डुकाटीच्या फाबिओ टॅलिओनींनी १९५६ साली आपल्या रेसिंग बाइकमध्ये व्हॉल्व्ह मिटवायलाही कॅमच वापरला. रेनॉने १९८६ मध्ये फॉर्म्युला वनच्या इंजिनात लोखंडी स्प्रिंगच्या जागी दाबलेली हवा आणली. होंडाने १९८९ च्या इंटेग्रामध्ये व्हीटेक दिलं, म्हणजे कमी वेगाला एक कॅम आणि जास्त वेगाला दुसरा. थोडक्यात काय, हा भाग नाजूक आहे. इथला हिशोब मिलिमीटरच्या शंभराव्या भागात चालतो. या इंजिनात रॉकर आणि व्हॉल्व्हमध्ये थंड असताना एक्झॉस्टला ०.२३ ते ०.२७ मिलिमीटर फट ठेवायची असते. टॅपेट लावणं म्हणतात ते हेच.

संशयितांची यादी

मी ऑफिसात करते तेच केलं. वहीत दोन रकाने पाडले. एकात 'काय बिघडलं', दुसऱ्यात 'काय बिघडलं नाही'. आपण सगळे पहिला रकाना भरतो. खरी गंमत दुसऱ्यात असते.

आधी आवाज. आयडलिंगला इंजिन ८०० आरपीएमवर होतं. मोबाइलवर दहा सेकंद रेकॉर्ड केलं आणि कट-कट मोजली, साधारण ६७. म्हणजे मिनिटाला ४००, इंजिनाच्या बरोबर निम्म्या वेगाने. कॅम निम्म्या वेगानेच फिरतो. म्हणजे खालच्या बेअरिंगचा प्रश्नच नाही, भानगड वरच आहे. मामा हे कानानेच सांगत होते, पण भावाला आकडा लागतो.

मग ऑइल. या सल्ल्यात तथ्य होतं बरं का! सपाट रॉकर कॅमवर घासत चालतो, तेव्हा ऑइलमधलं झिंक-फॉस्फरसचं मिश्रण दोघांना वाचवतं. प्रदूषण नियंत्रणासाठी २००४ च्या एपीआय एसएम दर्जापासून रोजच्या बऱ्याच ऑइलमधला फॉस्फरस कमी झाला. म्हणून दुसऱ्या बिघाडानंतर झिंक जास्त असलेलं ऑइल भरलं होतं. पण माझ्या वहीतला दुसरा रकाना म्हणाला की ऑइल तर चारही सिलिंडरना तेच जातं. मग एक, दोन आणि चार ठणठणीत कसे?

तिसऱ्याला ऑइल पोचतच नसेल तर? मामांनी प्लग काढले, कव्हर उघडं ठेवून स्टार्टर फिरवला. प्रत्येक रॉकरपाशी ऑइल सारखंच पाझरत होतं. संशयित सुटला.

कॅमचं लोखंड? खराब झालेला कॅम भोसरीला एका हीट ट्रीटमेंटवाल्याकडे नेला. त्याने पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या उंचवट्याची हार्डनेस मोजली. दोन्हीत फरक नव्हता. लोखंड कच्चं असतं तर सगळेच उंचवटे आजारी पडले असते. सुटला.

राहिले टॅपेट, म्हणजे मामा. त्यासाठी मी एक अट घातली. तिसऱ्यांदा इंजिन जुळवताना दोन नंबरचे एक्झॉस्ट रॉकर तीनला लावायचे आणि तीनचे दोनला. टॅपेट भावाने स्वतःच्या हाताने लावायचे, फीलर गेज घेऊन, मामा फक्त बघणार. प्रोग्रॅमर मंडळींना ही युक्ती नवी नाही. दोन गोष्टींची अदलाबदल करा आणि बघा बग कुठे जातो. पार्टबरोबर गेला तर पार्ट वाईट. जागेवरच राहिला तर जागा वाईट.

१,७०० किलोमीटर झाले आणि पुन्हा कट-कट. तीन नंबर, एक्झॉस्ट. दोन नंबरवर गेलेले रॉकर मजेत होते.

भाऊ गप्प झाला. टॅपेट त्यानेच लावले होते. मी मात्र तिसऱ्यांदा इंजिन बिघडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, हे त्याने अजून माफ केलेलं नाही.

बिस्किटाचा डबा

जागा वाईट आहे हे कळलं. पण जागेत वाईट काय? मामांनी तिसऱ्याच्या व्हॉल्व्हची उघडझाप मोजली, सगळीकडे मोकळी जागा व्यवस्थित दिसली. व्हॉल्व्ह वाकडा नाही, स्प्रिंग तुटलेली नाही. आम्ही तिघं चहाचे ग्लास घेऊन इंजिनाकडे बघत बसलो.

मी विचारलं, "मामा, आधीच्या वेळचे जुने पार्ट कुठेत?"

भाऊ म्हणाला, "भंगारात गेले असतील, ताई. कोण ठेवतं?"

मामा उठले. फळीवरून बिस्किटाचा एक चौकोनी पत्र्याचा डबा काढला. आत कागदाच्या पुड्या, प्रत्येकीवर तारीख आणि किलोमीटर. झिजलेले रॉकर, वाट्या, अगदी पंधरावीस रुपयांचे रबरी सीलसुद्धा. "मला समजत नव्हतं म्हणून ठेवले," ते म्हणाले. "समजल्याशिवाय कसं टाकायचं?"

आम्ही सगळे सील वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. बाकीच्यांच्या कडा गोल, नव्यासारख्या. तीन नंबरच्या सीलचं डोकं मात्र चेपलेलं, कोणीतरी वरून हातोडी मारल्यासारखं. मग त्याच जागेची वाटी उलटी करून बघितली. खालच्या बाजूला एक बारीक चकचकीत कडं उमटलं होतं.

आलं ना लक्षात? वाटी खाली येऊन सीलवर आपटत होती! व्हॉल्व्हला पुढे जायला जागाच नाही आणि वरून कॅम ढकलतोय. मग सगळा दाब कॅम आणि रॉकरच्या मध्ये. तिथला ऑइलचा थर फाटतो, लोखंडावर लोखंड घासतं आणि दोघंही झिजतात. सील चेपल्यामुळे ऑइल गळतं, म्हणून सकाळचा निळा धूर. सगळ्या लक्षणांना एकच उत्तर.

मग मोजताना का सापडलं नाही? हा भाग मला सगळ्यात आवडला. उंचवटा थोडा झिजला की व्हॉल्व्ह तेवढा कमी उघडतो आणि वाटी सीलपर्यंत पोचतच नाही. गुन्हेगार जाताजाता पुरावा पुसून जात होता! झिजलेल्या कॅमवर मोजलं तर सगळं आलबेल. म्हणून मोजायचं ते नव्या कॅमवर.

मामांनी नवा कॅम बसवला, स्प्रिंगांच्या जागी हाताने दबतील अशा नरम स्प्रिंगा घातल्या, डायल गेज लावला आणि इंजिन हाताने फिरवलं. नव्या कॅमवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ११ मिलिमीटर उघडत होता. मिटलेल्या व्हॉल्व्हला वाटी आणि सीलमधलं अंतर एक, दोन आणि चार नंबरला १२.६. म्हणजे १.६ मिलिमीटर शिल्लक, उत्तम. तीन नंबरला अंतर ११.२. शिल्लक ०.२! इंजिन तापलं, वेग चढला, सील जरा वर सरकलं की संपली शिल्लक. अशा ठिकाणी किमान दीड मिलिमीटर मोकळं ठेवावं असा जाणकारांचा ठोकताळा आहे.

मग चूक कोणाची?

तीन नंबरचे गाईड दीडएक मिलिमीटर उंच का होते, हे जुन्या मालकाच्या फाइलमध्ये सापडलं. कधीकाळी गाडी तापली होती आणि २०१४ च्या एका बिलावर 'तीन नंबर एक्झॉस्ट गाईड, २ नग, बसवणे' अशी ओळ होती. या इंजिनाचा गाईड म्हणजे साधी नळी. हेड तापवून ती ठोकून बसवायची आणि किती आत न्यायची ते मोजून थांबायचं. तिथे मोजणी झाली नव्हती.

आणि तरीही गाडी पुढे अनेक वर्षं बिनतक्रार चालली. कारण कंपनीचा मूळ कॅम व्हॉल्व्हला दीड मिलिमीटर कमी उघडायचा, त्याला भरपूर जागा होती. नवा कॅमही चांगला होता, बाकीच्या तीन सिलिंडरवर तो सुखाने चालला. उंच गाईड एकटा निरुपद्रवी, मोठा कॅम एकटा निरुपद्रवी. दोघं एकत्र आले आणि महाभारत घडलं. मॉडिफाय केलेल्या गाडीची खरी गोम हीच आहे. तुम्ही एक पार्ट बदलता तेव्हा कंपनीने ठेवलेली उसंत खर्च करता. ती कुठे, किती उरली आहे हे बदलण्याआधी मोजावं लागतं.

उपाय? ऐकून हसाल. हेड ओव्हनमध्ये तापवलं, दोन गाईड योग्य उंचीपर्यंत खाली दाबले, रीमर फिरवून भोक साफ केलं, व्हॉल्व्हची बैठक हलकीशी मारून घेतली आणि नवे सील लावले. मशीन शॉपचं बिल अडीच हजारात. तोवर कॅम आणि रॉकरवर गेलेला आकडा इथे छापत नाही, कारण हा अंक आमचे बाबाही वाचतात.

तुमच्या गाडीसाठी

तुमच्या डोक्यातही हेच खूळ असेल तर चार गोष्टी कापून ठेवा. मोठा कॅम टाकताना प्रत्येक व्हॉल्व्हची वाटी ते सील अशी जागा मोजायला सांगा, एकाच व्हॉल्व्हची नाही, सोळाही. स्प्रिंग पूर्ण दबली तरी तिची वेटोळी एकमेकांना टेकत नाहीत ना, हे बघा. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतरही. आणि ५०० किलोमीटरला टॅपेट पुन्हा तपासा. फट वाढत असेल तर ती नुसती 'सेट' करू नका, का वाढली ते विचारा. आणि हो, तुटलेला पार्ट गॅरेजमधून मागून घ्या. नवा पार्ट तुम्हाला काहीच सांगत नाही, जुना सगळं सांगतो.

गाडीने त्यानंतर ९,००० किलोमीटर केले. ५००, १,००० आणि ५,००० ला टॅपेट तपासले, काटा हललेला नाही. कारीचा ट्रॅक डे झाला, पुणे ते कोइंबतूर आणि परत, तीच गाडी चालवत. भाऊ सोबत मामांना घेऊन गेला. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा रेसट्रॅक बघितला आणि म्हणे दिवसभर प्रत्येक गाडीचा आवाज डोळे मिटून ऐकत होते.

मजुरीचे पैसे भावाने परत द्यायचा प्रयत्न केला. मामा घेईनात. शेवटी त्यांनी एका अटीवर घेतले. आता त्या गॅरेजमध्ये एक इलेक्ट्रिक ओव्हन आणि एक नवा डायल गेज आहे, आणि कामाला असलेला पोरगा त्यावर गाईडची उंची मोजायला शिकतोय.

तो मेसेज भावाने कधीच पाठवला नाही. मी विचारलं, डिलीट केलास का? म्हणाला, "नाही ताई, ठेवलाय. जुना पार्ट आहे, असू दे."